आईचं कुणाशी तरी जमलंय: घरात काय, कधी आणि कोणत्या क्रमाने बोलायचं

२०१९च्या दिवाळीत मी सांगलीला माहेरी गेले होते. स्वयंपाकघरात चहा-साखरेच्या डब्यांमागे शुगर-फ्री गोळ्यांची इवलीशी डबी हाताला लागली. आईला मधुमेह नाही. बाबांना होता, पण बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि डबी त्याच वर्षीची होती. "कुणासाठी गं या?" विचारलं, तर म्हणाली, "येतं कुणीकुणी." आणि कढईतल्या चिवड्याकडे गरजेपेक्षा जरा जास्तच लक्ष दिलं.

त्यानंतर मी जे जे केलं, ते सगळं चुकलं. ठाण्याला परतताना गाडीतूनच बेंगळुरूला दादाला फोन लावला. दादाने वहिनीला सांगितलं. आम्ही भावंडांनी 'आई' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, ज्यात आई सोडून सगळे होते. पंधरा दिवसांनी दादाने आईला फोन करून एका दमात दोन गोष्टी विचारल्या. "बाबांना जाऊन दोनच वर्षं झालीत, तुला काही वाटत नाही का?" आणि "फ्लॅट तुझ्या एकटीच्या नावावर आहे, त्याचं काय?" आईने फोन ठेवला. पुढचे तीन महिने ती आमच्याशी 'हो', 'नाही' आणि 'जेवले' एवढंच बोलली.

मी समुपदेशक नाही, वकीलही नाही. पण ते तीन महिने आणि नंतरची काही वर्षं, त्यात आमच्यासारख्याच प्रसंगातून गेलेल्या दोन-तीन मैत्रिणींची घरं, यातून एक गोष्ट पक्की कळली: दुःख आणि हिशेब एकाच बैठकीत काढायचे नाहीत. दोन्ही खरे असतात, दोन्हींवर बोलावंच लागतं. पण ते जोडीने आले की पोरांचं दुःख हे फ्लॅटसाठीचं सोंग वाटतं, आणि फ्लॅटचा साधा प्रश्नसुद्धा शिवीसारखा लागतो. खाली जो क्रम दिलाय तो त्यासाठीच आहे.

पहिले आठ दिवस कुणालाच फोन नाही

कळल्या कळल्या हात फोनकडे जातो. तो आवरा. बहीण-भाऊ नको, नवरा-बायकोपुरतं ठीक, सासरी तर अजिबात नाही. ज्याचं गुपित आहे त्याच्याशी बोलण्याआधी ते चार जणांकडे गेलं, की पुढचं बोलणं 'तू मला का नाही सांगितलंस' यावर न राहता 'तू सगळीकडे का सांगितलंस' यावर जातं. आणि त्यात तुमची बाजू लंगडी असते.

या आठ दिवसांत एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे मनाचं, उजवीकडे कागदपत्रांचं. बाबांची खुर्ची, फोटोवरचा हार, मला आधी का नाही सांगितलं, नणंद काय म्हणेल, हे सगळं डावीकडे. फ्लॅट, दागिने, पेन्शन, एफडीचा नॉमिनी उजवीकडे. माझ्या यादीत डावीकडे अकरा ओळी निघाल्या, उजवीकडे दोन. दादाचा ठाम दावा होता की त्याचं सगळं उजवीकडचंच आहे. बऱ्याच दिवसांनी, दुसऱ्याच कुठल्यातरी विषयावर बोलताना त्याच्या तोंडून निघून गेलं, "उद्या मी सांगलीला गेलो तर झोपायचं कुठे?" म्हणजे तो फ्लॅट-फ्लॅट करत होता ते चौरस फुटांसाठी नव्हतंच. त्याला त्याची खोली हवी होती.

आई-बाबांनो, तुम्ही काय करायचं

हा भाग आपल्या घरातल्या मोठ्यांना वाचायला द्या.

मुलांना शेजारपाजारच्या आधी कळलं पाहिजे. नुसती मैत्री असेल तर घोषणा करायची गरज नाही. पण 'हे पोरांना दुसऱ्याकडून कळलं तर मला वाईट वाटेल' असं ज्या दिवशी मनात येईल, तो सांगायचा दिवस. सांगलीसारख्या गावात घाटावर सकाळी कुणी कुणासोबत दिसलं, ते संध्याकाळपर्यंत मंडईत पोचलेलं असतं.

सगळ्या मुलांना एकाच दिवशी, पण वेगवेगळं सांगा. एकाला आधी सांगून "तू दादाच्या कानावर घाल" म्हणू नका, त्या पोराचं सँडविच होतं. सुना-जावयांना मुलंच सांगतील. गेलेल्या जोडीदाराच्या भावा-बहिणींना मात्र तुम्ही स्वतः सांगा. आत्याला भाचीकडून कळणं फार लागतं. दिवाळी, बारसं, वर्षश्राद्ध हे दिवस टाळा. आणि ज्या व्यक्तीबद्दल सांगताय तिला त्या वेळी शेजारी बसवू नका, पोरांना भुवया वर करायलासुद्धा जागा उरत नाही.

आणखी एक. परवानगी मागायची नसेल तर मागितल्यासारखं करू नका. "तुम्ही हो म्हणाल तरच" असं म्हटलं, मुलगा नाही म्हणाला आणि तरी भेटीगाठी चालूच राहिल्या, की तो आयुष्यभर फसवलं म्हणतो. "मला तुम्हाला सांगायचंय" आणि "मला तुम्हाला विचारायचंय" यातलं खरं कोणतं ते आधी स्वतःशी ठरवा. माझ्या मते साठीतल्या माणसाने सांगावं, विचारू नये. पण राहत्या घरात मुलगा-सून असतील, तर घरात कोण येणार-जाणार हे मात्र विचारायलाच हवं.

पहिलं बोलणं: समोरासमोर, आणि हाताला काम असताना

फोनवर नाही, व्हिडिओ कॉलवर नाही, नवरा-मुलांच्या लवाजम्यासह नाही. एकट्याने जा आणि रात्र राहा. समोरासमोर खुर्च्या टाकून बसलं की ती चौकशी होते. मेथी निवडताना, चालताना, गाडीत शेजारी बसून नजर दुसरीकडे असताना आपली माणसं जास्त बोलतात.

मी २०२०च्या फेब्रुवारीत गेले. आई आणि मी हरिपूरला संगमेश्वराच्या देवळात गेलो. तिथे कृष्णा आणि वारणा एकमेकींना भेटतात. पायऱ्यांवर बसल्यावर मी ठाण्यापासून घोकत आणलेलं वाक्य टाकलं. "ते बिनसाखरेचा चहा घेतात का गं?" आई नदीकडे बघत हसली. मग पाऊण तास तीच बोलली.

ते काका तेव्हा आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. ऑगस्ट २०१९च्या पुरात आमच्या इमारतीचा तळमजला पाण्यात होता, वीज नव्हती. दादा आणि मी फोनवरून 'काळजी घे' म्हणत होतो, ती बॅटरी पुरवून पुरवून आमचे फोन घेत होती. तिच्या बीपीच्या गोळ्या संपल्याचं तिने आम्हाला सांगितलंच नाही, कारण सांगून आम्ही काय करणार होतो? काका बोटीतून गोळ्या आणि मेणबत्त्या घेऊन आले. हे ऐकताना मला कृतज्ञता वाटायला हवी होती. मला राग आला. तो कुणाचा होता ते कळायला मला बरेच दिवस लागले.

पहिल्या बोलण्यात कामाला येणारी वाक्यं अशी: "मला ऐकून धक्का बसलाय, पण मला तुझ्याकडूनच ऐकायचंय." "तुला बरं वाटतंय ना?" "मला वेळ लागेल. मी बोलणं बंद करणार नाही." तिसरं वाक्य सगळ्यात मोलाचं. न आवडण्याचा हक्क तुम्हाला आहेच. त्यांना भीती असते ती तुम्ही तुटण्याची.

टाळायची वाक्यं तुम्हाला पाठ असतील. "या वयात?" "लोक काय म्हणतील?" "नातवंडांत मन रमव ना." या शेवटच्यावर आई मला म्हणाली होती, "नातवंडं ठाण्याला आणि बेंगळुरूला. मी रमवू कुठे?" आणि 'म्हातारचळ' हा शब्द त्यांच्या पाठीमागेसुद्धा वापरू नका, तो बरोबर कानावर जातो.

या बैठकीत पैशाचा प ही काढायचा नाही. आईने स्वतःहून काढला तरी म्हणा, "ते नंतर नीट बसून करू."

"म्हणजे बाबा असतानाच?"

हा प्रश्न आमच्या घरी आला, म्हणून यावर जरा थांबते.

बाबांचं चार वर्षं डायलिसिस चालू होतं. आठवड्यातून तीनदा आई त्यांना मिरजेला न्यायची आणि चार तास बाहेरच्या बाकावर बसायची. काकांची पत्नीही त्याच पाळीला असायची. तिथल्या माणसांचं एक वेगळंच गाव असतं. कुणाच्या पाण्याचं प्रमाण किती, कुणाचा फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी हातात जोडलेली शीर) बंद पडला, कुणाची खाट आज रिकामी आहे, हे त्यांनाच ठाऊक. काकू बाबांच्या आधी गेल्या. बाबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी काका घरी आले होते, तेव्हा मी त्यांना चहासुद्धा दिला होता. साखर घालून.

दादाने "म्हणजे तेव्हापासूनच?" असं विचारलं. हा प्रश्न गेलेल्या माणसाच्या वतीने विचारल्यासारखा वाटतो, पण तो खरं तर जिवंत असलेल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. त्याला उत्तर नसतं. 'नाही' म्हटलं तरी संशय जात नाही. मनात आला तर डाव्या रकान्यात लिहा, तोंडाने विचारू नका.

त्यामागचं गणित समजून घेतलं की राग जरा निवळतो. लांबलेल्या आजारपणात जोडीदाराचं दुःख मृत्यूच्या दिवशी सुरू होत नाही. ते पहिल्या डायलिसिसच्या दिवशी, पहिल्या केमोच्या दिवशी सुरू होतं. आमचं दुःख दोन वर्षांचं होतं, आईचं सहा वर्षांचं. शिवाय आम्हाला बाबा आठवायचे गणपतीत आणि दिवाळीत. तिला ते रोज संध्याकाळी साडेसातला आठवायचे, कुकर लावताना. "एका माणसाची आमटी करता येत नाही गं," ती म्हणाली होती, "तेवढं लहान पातेलंच नसतं."

इथे बाई-पुरुष हा भेद उघडच बोलला पाहिजे. बाबांचं जमलं असतं तर हेच नातेवाईक म्हणाले असते, "बरं झालं, त्यांना दोन घास करून घालायला कुणी हवंच." आईला म्हणतात, "आता काय कमी आहे तुला?" धोंडो केशव कर्वे स्वतः विधुर होते. एखाद्या कुमारिकेशी लग्न केलं असतं तर कुणी चकार शब्द काढला नसता. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. विधवाविवाहाचा कायदा त्याआधी सदतीस वर्षं, १८५६ पासून होता. कायदा पुढे आणि गल्ली मागे, ही आपली जुनीच रीत. आमच्या सांगलीपासून फार लांब नसलेल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करण्याचा ठराव केला. म्हणजे तोवर ते चालूच होतं. आई फक्त बांगड्यांवर थांबली नाही, एवढाच तिचा गुन्हा.

भेट घ्यायची ती बाहेर आणि तासाभरापुरती

पहिली भेट घरी नको. घरी बाबांचा फोटो असतो आणि पाहुणा कुठे बसतो याकडेच सगळ्यांची नजर लागते. उडप्याकडे, एक तास, दुपारी. जेवण ठेवू नका, चहा-खाणं पुरे. जेवणात वाढणं येतं, आणि कुणी कुणाला आग्रह केला यावरून रामायण होतं. भेटवस्तू दोन्हीकडून नको.

काय हाक मारायची हे आधीच ठरवून टाका. 'काका' किंवा 'मावशी' आपल्याकडे सगळ्यांत सोयीचं. 'आई', 'बाबा' कुणी सुचवलं तर हसून नाही म्हणा. नातवंडांना सांगताना "आजीचे मित्र" एवढं पुरतं. माझ्या मुलाने "म्हणजे बेस्ट फ्रेंड का?" एवढंच विचारलं आणि खेळायला गेला. हा सगळा गुंता मोठ्यांचा असतो.

माणूस पारखायचा, पण पोलिसी थाट नको

वयस्कर, एकट्या, थोडीफार शिल्लक असलेल्या माणसांना गाठणारे लोक आहेत, यात खोटं काही नाही. पण आई ज्याला दहा वर्षं ओळखते तो आणि तिला विवाहविषयक साइटवर तीन आठवड्यांपूर्वी भेटलेला, यांना एकच तराजू लावू नका. प्रत्यक्ष भेटायला टाळाटाळ, कस्टममध्ये अडकलेलं पार्सल, आजारपणासाठी तातडीचे पैसे, 'मुलांना एवढ्यात सांगू नका' हा आग्रह, ओटीपी किंवा बँकेच्या ॲपची मागणी, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त. घरातल्याच कुणाकडून छळ किंवा दबाव होत असेल, मग तो कधी पोटच्या पोरांकडूनही असतो, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

बाकी चौकशी सरळ करा. त्यांच्या मुलांना भेटायचंय असं उघड म्हणा. काकांच्या मुलीला मी भेटले तेव्हा कळलं की तिनेही तिच्या भावाबरोबर असाच एक ग्रुप काढला होता, आणि त्यात माझी आई 'ती बाई' होती.

मैत्री, एकत्र राहणं की लग्न

सगळे लगेच लग्नावर उडी मारतात. 'करायचंच तर रीतसर करा' असा आपला सूर असतो. पण तीनही वाटा खुल्या आहेत आणि प्रत्येकीचा कागदोपत्री परिणाम वेगळा आहे.

आपापल्या घरी राहून सोबत ठेवली तर कागद हलत नाहीत. एकत्र राहणं बेकायदा नाही. लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीला कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५च्या कायद्याचं संरक्षणही मिळू शकतं. पण वारसा मात्र मिळत नाही. आई गेली तर मृत्युपत्राशिवाय काकांचा त्या घरात एक दिवसाचाही हक्क नाही. पुण्यात ज्येष्ठांना लिव्ह-इनसाठी जोडीदार भेटवणारं मंडळ गेल्या दशकापासून काम करतं, तिथेही ही गोष्ट आधीच बोलून घेतलेली बरी.

लग्न केलं की जोडीदार पहिल्या फळीतला वारस होतो. वेगळ्या धर्माचे असाल किंवा विधी नको असतील, तर विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. आधीच्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला जवळ ठेवा. ही नोटीस कार्यालयात लागते, म्हणून ती देण्याआधी घरात सगळ्यांना सांगून झालेलं असू द्या.

आता पेन्शन. ईपीएस-९५ (भविष्य निर्वाह निधीची पेन्शन योजना) मधली विधवा पेन्शन पुनर्विवाह झाला की बंद होते. सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनाचे नियम केंद्राचे, राज्याचे वेगवेगळे आहेत आणि त्यांना अपवादही आहेत. म्हणून तारीख धरण्याआधी त्या कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या. दर वर्षीच्या हयातीच्या दाखल्यात पुनर्विवाहाबद्दल विचारतात. लग्न लपवून पेन्शन घेतली तर वसुली होते. आईची ही पेन्शन अगदी किरकोळ आहे, बाबा साखर कारखान्यात होते. मी म्हटलं, तेवढ्यासाठी अडू नकोस. ती म्हणाली, "ते पैसे नाहीत, त्यांचा पगार आहे. तो मी सोडणार नाही." त्यांनी लग्न केलं नाही. लॉकडाउनमध्ये आई दोन गल्ल्या पलीकडे डबा पोचवत राहिली आणि २०२१ मध्ये काका आईकडे राहायला आले.

आता कागद: वेगळा दिवस, वेगळी खोली

मनाचं बोलून किमान महिना-दोन महिने झाले की मग ही बैठक. शक्यतो वकिलाच्या ऑफिसात. घरच्या डायनिंग टेबलावर फ्लॅटचं बोलणं निघालं की जेवण कडू होतं.

खरी गाठ कुठे आहे ते सांगते. बाबा मृत्युपत्र न करता गेले. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे त्यांच्या फ्लॅटचे तीन सारखे वाटे झाले: आई, दादा, मी. (आजी हयात असती तर चार.) आपल्याकडे बहुतेक घरांत होतं तसं दादाने आणि मी आईच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाली, आई एकटी मालक झाली. तेव्हा ते मायेपोटी केलं होतं. आता हीच आई पुन्हा लग्न करून मृत्युपत्राशिवाय गेली, तर तिच्या फ्लॅटचे वारस मुलं आणि नवरा असे सारखे तिघे. म्हणजे एक तृतीयांश काकांचा, आणि काकांनंतर तो त्यांच्या मुलांचा. बाबांनी वीस वर्षं हप्ते भरलेल्या घराचा. पोरांच्या पोटात गोळा येतो तो याचा. तो लोभ नव्हे, पण तो तोंडाने मांडता येत नाही आणि मग 'बाबांच्या स्मृतीचा अपमान' असं काहीतरी बाहेर पडतं.

बाबांचं दुसरं लग्न असेल तरी मृत्युपत्र नसल्यास दुसरी बायको आणि मुलं सारखे वाटेकरी. तिच्या आधीच्या लग्नाची मुलं बाबांची वारस नाहीत, पण तिच्या वाट्याची मात्र आहेत.

यावरचा उपाय लग्न मोडणं नव्हे, मृत्युपत्र करणं. स्वकष्टार्जित किंवा स्वतःच्या पूर्ण मालकीची मिळकत कुणाला द्यायची हे ती व्यक्ती ठरवू शकते. दोन साक्षीदार हवेत आणि त्यांना मृत्युपत्रात काही मिळणारं नसावं. नोंदणी सक्तीची नाही, पण घरात कुरबुर असेल तर कराच. सत्तरीच्या पुढे असाल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. हिंदूंचं मृत्युपत्र लग्नाने रद्द होत नाही, ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तींचं होतं. पण कुणीही असलात तरी लग्नानंतरच्या तारखेचं नवं करणं चांगलं, जुन्यात बहुधा सगळं गेलेल्या जोडीदारालाच दिलेलं असतं.

नव्या जोडीदाराला उघड्यावर पडू देऊ नका. मालकी मुलांना आणि राहण्याचा हक्क जोडीदाराला, तहहयात किंवा ठरावीक मुदतीचा, असं लिहिता येतं. आमच्या मृत्युपत्रात आईने काकांना तहहयात लिहायचं ठरवलं होतं. काकाच म्हणाले, "माझं घर आहे की. सामान हलवायला एक वर्ष द्या, पुरे." ते ऐकून माझ्या उजव्या रकान्यातली एक ओळ खोडली गेली, आणि डाव्यातल्याही दोन.

बँकेतला नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. तो पैसे स्वीकारतो, ते वाटायचे मात्र वारसांमध्ये किंवा मृत्युपत्राप्रमाणे. गोव्यात सगळंच वेगळं आहे. तिथे लग्नाआधी करार केला नसेल तर मिळकत नवरा-बायकोची समाईक धरतात, आणि अर्धा हिस्सा मुलांसाठी राखीव असतो, तो मृत्युपत्रानेही काढता येत नाही. तो करार लग्नानंतर करता येत नाही, हे लक्षात ठेवा. आणि पालकांच्या निर्वाहाच्या २००७च्या कायद्यात 'पालक' या शब्दात सावत्र आई-वडीलही येतात, हे मुलांनी वाचून ठेवावं.

दागिने फ्लॅटपेक्षा जास्त भांडणं लावतात. माझ्या एका मैत्रिणीच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं. दोन वर्षं सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. मग एका मुंजीत नव्या मावशींच्या हातात तिला आईच्या पाटल्या दिसल्या. सोनं चार तोळ्यांचं, पण एका पाटलीला आईच्या हाताने पडलेला पोचा होता, तो तिने लांबून ओळखला. ती हात धुवायला म्हणून उठली ती परत पंगतीला आलीच नाही. वडिलांना त्यात काही चुकलं असं वाटलंच नव्हतं, 'कपाटात पडून होत्या'. म्हणून गेलेल्या आईचे दागिने दुसरं कुणी घरात यायच्या आधी मुलांना वाटून द्या, वजनासकट यादी करून आणि सगळ्यांच्या सह्या घेऊन. पैठण्या आणि देवघरातलं चांदीचंही तसंच.

शेवटचा कागद म्हणजे दवाखान्याचा. मध्यरात्री काही झालं तर आधी फोन कुणाला, सही कोण करणार, मेडिक्लेमचं कार्ड कुठे, आणि काकांना अतिदक्षता विभागात सोडायचं का, हे एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. आमच्याकडे काकांचं नाव पहिलं आहे, माझं दुसरं. ठाणं सात-आठ तास लांब आहे.

फोटो, खुर्ची, श्राद्ध

बाबांचा फोटो हॉलमध्येच राहिला. हलवायचा असेल तर तो आईने हलवायचा, काकांनीही नाही आणि मीही नाही. बाबांची वेताची खुर्ची मी ठाण्याला आणली. टेम्पोचे पैसे खुर्चीच्या किमतीपेक्षा जास्त झाले. पण तिच्यात दुसरं कुणी बसलेलं मला बघवलं नसतं आणि ती रिकामी ठेवा असं म्हणणं काकांवर अन्याय झाला असता. अशी एखादी वस्तू प्रत्येक घरात असते. ती ओळखून वेळेत घेऊन जा.

पितृपक्षात काका दोन दिवस मुलीकडे जातात. हे त्यांना कुणी सांगितलं नाही. काकूंच्या तिथीला आई त्यांच्या घरी पुरण घालून परत येते, थांबत नाही. सणांची वाटणीही बोलून ठरवा. आमच्याकडे पाडवा आई-काकांचा, भाऊबीज आमची.

एक भावंड ऐकतच नाही, तेव्हा

असतंच एक. त्याला पटवण्याचं कंत्राट घेऊ नका. आणि आई-बाबांचा निरोप्याही बनू नका, "दादाला सांग" आलं की "तूच सांग" म्हणायचं. त्याला काय मान्य करावं लागेल ते शक्य तितकं लहान करा. नातं आवडलं पाहिजे असं नाही, नमस्कार केला की झालं. राहायला जायचं नसेल तर हॉटेलात उतर, पण जा. कागदांवर सगळ्यांना एकच प्रत, एकाच दिवशी. त्याचा त्रागा वर्ष-दीड वर्ष तसाच राहिला, झोप-जेवण बिघडलं, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, मराठीतही बोलता येतं. अनेकदा हा राग नव्या माणसाचा नसून बाबांसाठी न रडल्याचा असतो.

दादा अजून त्या घरी मुक्कामाला राहिलेला नाही. त्याची खोली आईने जशीच्या तशी ठेवली आहे, काकांचं कपाट पॅसेजमध्ये आहे. मागच्या महिन्यात त्याचा मला फोन आला. बराच वेळ कंपनीचं, ट्रॅफिकचं बोलला आणि ठेवता ठेवता म्हणाला, "त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का?"

"उजव्याचं झालं," मी म्हटलं. "डावा पुढच्या गुरुवारी."

"बरं," म्हणाला, आणि फोन ठेवला.